मावल्याचं ऊन आणि इंजिनचं तेल

नागपूर-हैदराबाद महामार्गावर, आदिलाबाद शहराला लागूनच मावला आहे. इथल्या गॅरेजात तेल बदलायला गाडी लावली की सल्ला ठरलेला: “भाऊ, इकडचं ऊन पंचेचाळीस डिग्री. पातळ ऑइल टिकत नाही, वीस-पन्नास टाका.” मराठीत, तेलुगूत, हिंदीत, गिऱ्हाईक बघून भाषा बदलते, ग्रेड बदलत नाही.

मिस्त्री चेंबरचा नट सोडतो. नुकत्याच थांबलेल्या इंजिनचं काळं तेल पाण्यासारखं खाली येतं. तो दोन बोटांत चोळून दाखवतो, “बघा, पाणी झालंय.” मग नव्या डब्यातलं तेल, ते जाड, मधासारखं संथ. पुरावा डोळ्यांसमोर, पण त्यात एक तेल तापलेलं आणि दुसरं थंड. ५डब्ल्यू-३० तेलाचा दाटपणा ४० अंशांना साधारण ६० सेंटिस्टोक असतो, १०० अंशांना जेमतेम ११. बोटांना हाच फरक जाणवतो. जुनं तेल काढायलाच हवं, पण ते बोटांवरून ठरत नाही.

नावातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. आणि चालत्या इंजिनचं तेल मावल्यात काय, महाबळेश्वरात काय, त्याच सुमारास तापतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर त्यासाठीच असतात. बाहेरच्या उन्हानं फरक पडतो, पण थोडा. खरी कसोटी डिसेंबरच्या पहाटे. आदिलाबादेत पारा पाच अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा २०डब्ल्यू-५० वर चढायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ टॅपेट कोरडे वाजतात. म्हणजे इकडच्या हवेचं कारण द्यायचंच, तर ते पातळ तेलाच्या बाजूनं जातं!

नव्या पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२०, कधी ०डब्ल्यू-१६ सांगते. ती नुसती ॲव्हरेजची हाव नव्हे, जरी तो हिशेब असतोच. बेअरिंगमधली फट, तेलाचा पंप, तेलाच्याच दाबावर व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा, सगळं त्या पातळपणाला धरून आखलेलं असतं. तिथे जाड तेल ओतलं की काडीवर पातळी बरोबर दिसते, गाडी मात्र ओढत नाही.

मिस्त्रीचा अनुभव खोटा मानायचं कारण नाही. त्याचे हात घडले ते जुन्या जीप आणि डिझेल गाड्यांवर; कापसाची बोंदरी लादून त्या निर्मलकडचा घाट चढायच्या. बेअरिंग झिजलेलं, रिंगा सैल, इंजिन तेल खातंय, अशा गाडीत जाड तेल दाब धरून ठेवतं. बोअरचं काम लांबवायचं असेल तर मीही तेच टाकीन. नव्या गाडीसाठी मात्र डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकसकट पडलेलं पुस्तक काढायचं, तेलाच्या पानावर बोट ठेवायचं आणि ते मिस्त्रीला दाखवायचं. तो हसतो, मान हलवतो आणि दुकानातून पाहिजे तो डबा मागवतो.