नाव दिसतं, आवाज येत नाही

आमच्या मंडळाचा शनिवारचा वाचनवर्ग जित्सीवर भरतो. २००३ साली स्ट्रासबूर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. सर्व्हर मंडळाने भाड्याने घेतलाय, देखभाल माझ्याकडे. मध्यंतरी वसतिगृहात राहणारी तीन मुलं वर्गाला येईनाशी झाली. ‘आजकालच्या मुलांना मराठीची आवडच नाही,’ अशी कुजबुजही झाली. मुलांना विचारलं, तर वेगळंच निघालं: पान उघडतं, नावं दिसतात, चॅटही जातं, पण आवाज आणि चित्र येत नाही.

याच लक्षणात उत्तर होतं. पान, नावं आणि चॅट पोर्ट ४४३ वरून येतात. बँकेच्या आणि इतर सुरक्षित संकेतस्थळांचाही हाच रस्ता, त्यामुळे तो सहसा कुठेच बंद नसतो. आवाज आणि चित्र मात्र यूडीपी पोर्ट १०००० वरून जातात. दोघंच असतील तर जित्सी शक्यतो त्यांना थेट जोडून देते. तिसरा आला की सगळं सर्व्हरमार्गे जातं. म्हणून ‘दोघांत चालतं, तिघांत सगळेच मुके’ असं झालं, तर आधी सर्व्हर तपासावा.

तिथे फायरवॉल बहुधा दोन असतात: एक मशीनवर, दुसरी सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनलमध्ये. दोन्हीकडे १०००० उघडं हवं, आणि तेही यूडीपी. टीसीपी उघडून उपयोग नाही. मग टीसीपीडम्प लावून पाहावं. पॅकेट पोचतच नसतील तर वाटेत अडवणूक आहे. पोचत असूनही चित्र नसेल, तर सर्व्हर स्वतःचा खासगी आयपी पत्ता सांगत असण्याची शक्यता मोठी. व्हिडिओब्रिजच्या सेटिंगमध्ये सार्वजनिक पत्ता द्यावा.

आमच्याकडे बाकी सगळ्यांचं नीट चालत होतं. मुलांना वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर यायला सांगितलं. लगेच आवाज आला! म्हणजे यूडीपी वसतिगृहाच्या नेटवर्कवर बंद होतं.

यावर उपाय म्हणजे टर्न सर्व्हर. कोटर्न हे मोफत सॉफ्टवेअर बसवून ते टीएलएससह ४४३ वर उपलब्ध केलं, की यूडीपी बंद असलं तरी आवाज त्या वाटेने येतो. थोडा उशिरा येतो, पण येतो. काही ऑफिसांत हेही अडवतात. तिथे चोरून व्हीपीएन लावू नका. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना पोर्ट आणि सर्व्हरचा पत्ता लेखी कळवून परवानगी मागा.

तिन्ही मुलं आता वर्गात असतात, आणि वाचायला पहिला नंबर लावतात. तुमच्या मंडळातही कुणी यायचं थांबलं असेल, तर आवडीबद्दल बोलण्याआधी एवढंच विचारा: ‘आवाज येत होता का रे?’