गरम थालीपीठ कुणाच्या वाट्याचं?

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना तुम्ही डब्यात काय बांधून घेता? आमच्याकडे दशम्या आणि लसणाची चटणी ठरलेली. घराबाहेर पडलेल्या माणसाने घरचंच खावं, हा सासूबाईंचा नियम. धाकट्या वन्संच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही चौघी, म्हणजे सासूबाई, वन्सं, मी आणि माझी आठ वर्षांची लेक, कराडहून पहाटेच्या एसटीने पुण्याला निघालो, तेव्हाही डबा बरोबर होताच. पण लक्ष्मी रोडवर तिसऱ्या दुकानात शालूंचे ढीग उपसले जात होते, तोवर तो रिकामा झाला. चार वाजले. सासूबाईंचे पाय बोलायला लागले. मी भीत भीतच म्हटलं, "आई, इथे जवळच पूना गेस्ट हाऊस आहे. सगळं आपल्या पद्धतीचं मिळतं. बसायचं का घटकाभर?"

"हॉटेलात?" त्यांनी पदर सावरला. "बरं, फार तर चहा घेऊ."

हे ठिकाण काही आजकालचं नाही. मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ साली सुरू केलं. थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी असे आपल्या स्वयंपाकघरातले पदार्थ तिथे मिळतात. पूर्वी पुण्या-मुंबईच्या खाणावळी चालत त्या घर सोडून आलेल्या पुरुषांवर. शिकायला आलेली मुलं, एकटे राहणारे नोकरदार महिन्याचे पैसे भरून दोन वेळा जेवून जात. घरातल्या बाईला तिथे जायचं कारणच काय? सासूबाईंना पंचाहत्तरी गाठेपर्यंत ते पडलं नव्हतं.

मी त्यांना न विचारताच थालीपीठ मागवलं. तव्यावरून आलेलं, वर लोण्याचा गोळा. त्यांनी एक तुकडा मोडला, बोटांत कुस्करून पाहिला, वास घेतला. "भाजणी खमंग आहे हं. धने मात्र जरा जास्त भाजलेत." वन्सं आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. आता चार घास खाऊन ताटली बाजूला सरकवतील, असं मला वाटलं होतं. पण त्या शांतपणे खात राहिल्या. लोणी विरघळून कडेला आलं, तेही त्यांनी शेवटच्या तुकड्याने पुसून घेतलं. मग म्हणाल्या, "इतकं गरम थालीपीठ खाऊन किती वर्षं झाली गं!"

त्या सहज बोलून गेल्या, पण माझा घास घशातच अडकला. ज्या बाईने हजारो थालीपिठं थापली, तिच्या वाट्याला कायम शेवटचं, गार झालेलं, नाहीतर तव्यावर मोडलेलं आलं. आणि आता? गेली बारा वर्षं थापतेय मी. तरी त्या माझ्यासाठी थांबतात. "सगळ्यांचं होऊ दे, मग आपण बसू," म्हणतात. मला तेवढीच सोबत होते, म्हणून मीही कधी "आई, तुम्ही आधी बसा," असा आग्रह धरला नाही. शाळेत मुलांना न्याय-अन्यायाचे धडे देणारी मी, माझ्याच ओट्याशी काय चाललंय ते मला दिसलं नव्हतं.

वाढपी दोनदा विचारून गेला, "आजी, आणखी काही आणू?" दुसऱ्यांदा त्या उठून ताटल्याच गोळा करायला लागल्या. लेक म्हणाली, "आजी, इथे आपण उचलायचं नसतं!"

बिल आलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन निरखून पाहिलं. "थालीपिठाचे एवढे? म्हणजे मी आतापर्यंत लखपती व्हायला हवं होतं की!" आम्ही खूप हसलो. पण त्यात खोटं काय होतं? मुंबईत गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी आपल्या एवढ्याशा खोलीत गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवून संसार सावरले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तोच वरणभात, तीच पोळी, खाणावळीत तिचे पैसे होतात, घरात मात्र "त्यात काय विशेष?" होतं.

परतीच्या एसटीत सासूबाईंनी भाजणीचं प्रमाण सांगितलं, ते तुम्हीही लिहून घ्या: ज्वारी, बाजरी आणि तांदूळ दोन-दोन वाट्या, हरभऱ्याची डाळ एक वाटी, गहू, उडीद आणि धने अर्धी-अर्धी वाटी, थोडे जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजावा. धने शेवटी, आणि नुसता वास सुटेपर्यंतच!

प्रवासात वडीलधारी माणसं बरोबर असली, तर आणखी एक करा. सगळं एकदम मागवू नका, एकेक पदार्थ मागवा. म्हणजे दुसराही गरम मिळतो आणि पानात टाकलं जात नाही. मुलांसाठी तिखट कमी करायला आधीच सांगा.

घरी आल्यावर मी एक पद्धत पाडली. रविवारी रात्री थालीपिठं, आणि पहिलं पान आईंचं. पहिल्या रविवारी त्या तीनदा उठल्या. तिन्ही वेळा नातीने हात धरून खाली बसवलं. गेल्या रविवारी तर "तुम्हीही बसा," म्हणत हे स्वतः तव्याशी उभे राहिले. थालीपिठाला आकार नव्हता, कडाही करपली होती. पण गरम होतं हो! सासूबाई म्हणाल्या, "पाणी जरा कमी घाल रे." आणि दुसऱ्यासाठी ताटली पुढे केली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी शेवटचं, गार थालीपीठ कोण खातं? येत्या रविवारी जरा बघा.