नारिंगीचा एक स्लायडर
हातातला कॅमेरा : भाग ७

गेल्या आठवड्यात एक्स्पोजर पाहिले. आज त्यानंतर लागणाऱ्या प्रीसेटकडे वळू. प्रीसेट घेताना आपण एक ‘लूक’ घेतला असे वाटते, पण त्या फाइलमध्ये असतात ते निव्वळ आकडे: हायलाइट्स किती उतरवायचे, शॅडोज किती उचलायचे, हिरव्याचे सॅच्युरेशन किती कमी करायचे. २०१० साली इन्स्टाग्राम आले तेव्हाच्या फिल्टरमध्ये आत काय चालले आहे हे दिसत नव्हते. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या अ‍ॅपच्या प्रीसेटमधला आकडा मात्र उघडून बघता येतो आणि बदलताही येतो. बहुतेक जण ते करत नाहीत, आणि नुकसान तिथेच होते. कारण हे आकडे कुणीतरी स्वतःच्या गावच्या उजेडात, समोरच्या माणसाच्या वर्णाकडे पाहून ठरवलेले असतात. ते जसेच्या तसे आपल्या फोटोवर लावले की त्या अनोळखी माणसाचा वर्ण हेच आपल्या चेहऱ्याचे माप ठरते.

हे कसे घडते ते समजायला एकच स्लायडर पुरेसा आहे. माणूस गोरा असो वा काळासावळा, त्वचेचा मूळ रंग रंगचक्रावर नारिंगीच्या आसपासच पडतो. व्हिडिओचे रंग जुळवणारे लोक व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंग दाखवणाऱ्या आलेखावर, सगळ्यांच्या त्वचेसाठी एकच तिरकी रेघ धरून चालतात, ती म्हणूनच. माणसामाणसांत फरक असतो तो मुख्यतः त्या रंगाच्या उजळपणाचा. लाइटरूमच्या कलर मिक्समध्ये आठ रंग आहेत आणि प्रत्येकाला ह्यू, सॅच्युरेशन, ल्युमिनन्स (म्हणजे उजळपणा) असे तीन स्लायडर. ‘ब्राइट अँड एअरी’ धाटणीचे प्रीसेट पुष्कळदा नारिंगीचा ल्युमिनन्स वर नेतात. मुळात गोऱ्या चेहऱ्यावर त्याने थोडी टवटवी येते. सावळ्या चेहऱ्याचा मात्र वर्णच पालटतो. त्याच फटक्यात मागची जांभ्या दगडाची भिंत, तांबडी माती, सागवानी दरवाजा हे सगळे फिके पडते. ‘मूडी’ प्रीसेटची खोड वेगळी: ते हिरव्यातला जीव काढून घेतात. उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलात ते शोभते. आपल्याकडच्या लग्नात नवरीचा हिरवा चुडा त्याने राखाडी दिसतो, आणि पिवळा रंग नारिंगीकडे ढकलला असेल तर हळदीची हळदही ओळखू येत नाही. ज्या दोन रंगांसाठी तो समारंभ असतो, नेमके तेच हरवतात.

यावर जाणकार म्हणतील, फिल्मलाही स्वतःचा रंग होताच की. होता, आणि त्याचा इतिहास या मुद्द्याला बळच देतो. रंगीत प्रिंट जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना कोडॅककडून ‘शर्ली कार्ड’ मिळत असे. कित्येक वर्षे त्यावर गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असायचा. तिची त्वचा नीट आली म्हणजे रंग बरोबर, असा हिशोब. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा माग काढला. गडद छटा फिल्मवर नीट उमटत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी केली, आणि फिल्म सुधारण्यामागे तिचाही हात होता, असे त्यांना कोडॅकच्या जुन्या लोकांकडून कळले. फिल्म वापरणाऱ्याच्या हाती तिचे रसायन बदलणे नव्हते. आपल्या हाती स्लायडर आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रोज पोस्ट टाकणाऱ्याला वेग हवा, पूर्ण फीड एकसारखे दिसायला हवे, आणि फोटो म्हणजे काही पंचनामा नव्हे. मला हे पटते. शॅडोज निळसर करा, ग्रेन घाला, आकाश हवे तसे रंगवा. तो कलेचा हक्क आहे. माणसाला न विचारता उजळ करणे मी त्या हक्कात धरत नाही. गोरेपणाचा सोस आपल्या समाजात इतका खोल आहे की ‘छान दिसतेय’ आणि ‘गोरी दिसतेय’ यांतला फरकच पुष्कळांच्या डोळ्यांना जाणवत नाही. तेव्हा पाहणाऱ्यांच्या पसंतीवर हा निर्णय सोडता येत नाही. आता एआय त्वचा ओळखून आपोआप जुळवून घेते, असेही सांगितले जाते. पण त्वचा कुठे आहे हे कळणे वेगळे, ती कशी दिसावी हे ठरवणे वेगळे. २०१७ मध्ये फेसअ‍ॅपचा ‘हॉट’ फिल्टर चेहरे गोरे करू लागला, तेव्हा कंपनीला माफी मागावी लागली होती. दोष शिकवणीसाठी वापरलेल्या फोटोंमधल्या पक्षपाताचा होता, असे तिनेच सांगितले.

म्हणून प्रीसेट टाकून देऊ नका, दुरुस्त करा. आधी व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर नीट करा, मग प्रीसेट लावा. प्रीसेटने व्हाइट बॅलन्सही बदलला असेल तर तो पुन्हा जागेवर आणा. त्यानंतर कलर मिक्समध्ये नारिंगी आणि लाल यांचे तिन्ही स्लायडर शून्यावर आणून चेहरा बघा, मूळ फोटोशी ताडून बघा. हिरवा आणि पिवळाही तसाच तपासा. जे जमले ते स्वतःच्या नावाने नवा प्रीसेट म्हणून जतन करा. भर उन्हासाठी एक, सावलीसाठी एक, मांडवातल्या पिवळ्या दिव्यांसाठी एक. आणि तो घरातल्या सर्वांत सावळ्या आणि सर्वांत गोऱ्या अशा दोन्ही चेहऱ्यांवर लावून पाहिल्याशिवाय वापरात आणू नका.