खालून वर पाहणारा डोळा

मागच्या वेळी आपण बेंथॅमच्या तुरुंगापाशी थांबलो होतो. मधोमध मनोरा, भोवती वर्तुळात कोठड्या. मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला कळत नाही, म्हणून आपल्याकडे सतत कोणीतरी पाहतंय असं धरूनच तो वागतो. फूकोने 1975 साली या नकाशावरून आधुनिक समाजाचं चित्र काढलं. पहारेकरी शेवटी कैद्याच्या आतच मुक्कामाला येतो, असं ते चित्र. आता, कैद्यानेच स्वतःच्या डोळ्यावर कॅमेरा बांधला तर? एका विद्यार्थ्याने हे खरोखर करून पाहिलं आहे.

स्टीव्ह मॅन हा कॅनडातल्या हॅमिल्टनचा. अंगावर यंत्रं बांधून हिंडण्याचा नाद शाळकरी वयापासूनचा. 1990 च्या दशकात तो अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये पीएच.डी. करत होता. डोक्यावर अँटेना, डोळ्यासमोर चिमुकला पडदा, कमरेला संगणक. 1994 च्या अखेरीस त्याच्या डोळ्यासमोरचं दृश्य बिनतारी मार्गाने वेबवर जाऊ लागलं. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते त्यानंतर, ऑगस्ट 1995 मध्ये!

कॅमेऱ्याची गोष्ट सगळे सांगतात. मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी एक कल्पना, आणि ती 1997 च्या त्याच्या लेखात आहे. अंगावरचं यंत्र हृदयाचे ठोके मोजतं आणि पावलंही मोजतं. ठोके वाढले, पण पावलं वाढली नाहीत, तर माणूस धावत नाही, जिना चढत नाही, तरी छाती धडधडते आहे. म्हणजे काहीतरी महत्त्वाचं घडतंय, कदाचित धोका आहे. अशा वेळी यंत्राने आपणहून भराभर चित्रं टिपावीत आणि जिवलगांकडे पाठवावीत.

युक्ती सुरेख आहे, यात वाद नाही. पण बघा, पावलं स्थिर आणि ठोके वाढलेले, असं आणखी कधी होतं? तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर होतं. प्रेमपत्र हातात आल्यावर होतं. (हसू नका, आमच्या काळी पत्रंच असायची.) यंत्राला मिळतो तो भागाकार. भीती की आनंद, हे त्या भागाकारात नसतं. ते ठरतं समोर कोण उभं आहे आणि मागे काय घडलं आहे यावरून, म्हणजे अर्थावरून.

याच संदर्भात एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं, की स्वतःची आकडेवारी ठेवणं म्हणजे आपला साक्षीभावच. 2007 मध्ये कॅलिफोर्नियात ‘क्वांटिफाइड सेल्फ’ नावाची चळवळ सुरू झाली, तेव्हापासून तर जास्तच. मला हे पटत नाही. वेदान्तातला साक्षी पाहतो आणि पाहूनच थांबतो, तो करत काही नाही. मॅनचं यंत्र ठोका वाढला की कामाला लागतं, निवडतं, साठवतं, निरोप धाडतं. ते साक्षीपेक्षा अंतःकरणाच्या जवळचं आहे. म्हणून त्याला अध्यात्माची शाल पांघरू नये.

मग मॅनने साधलं काय? ते दुकानांत दिसतं. छताला काळा घुमट दिसला की तो विचारायचा, हा कशासाठी? उत्तर ठरलेलं: सुरक्षेसाठी, त्यात घाबरायचं काय. मग हा स्वतःचा कॅमेरा काढायचा आणि तेच कर्मचारी अस्वस्थ व्हायचे, चित्रण बंद करा म्हणायचे. कधी तो सांगे, मला माझ्या मॅनेजरचा हुकूम आहे! म्हणजे दुकानदाराचंच उत्तर दुकानदाराला परत. याला त्याने शब्द दिला ‘सूव्हेलन्स’. ‘सर्व्हेलन्स’मधला ‘सूर’ म्हणजे फ्रेंचमध्ये वर, आणि ‘सू’ म्हणजे खाली. खालून ठेवलेली पाळत.

यातून जी गोष्ट उघडी पडते ती फूकोच्या वाचकांनी नीट टिपावी. तक्रार कॅमेऱ्याबद्दल नव्हतीच. कोण कोणाला पाहतो हा क्रम उलटला, ती खरी अडचण होती.

तुमच्या मनगटावरचा पट्टाही ठोके आणि पावलंच मोजतो. पण मॅनचं यंत्र त्याने स्वतः बांधलेलं होतं. काय मोजायचं, कोणाला कळवायचं, केव्हा बंद करायचं, हे तो ठरवत होता. तुमच्या पट्ट्याने टिपलेलं आधी कुठे जातं आणि तिथून परत तुमच्याकडे किती येतं, हे घरी गेल्यावर त्याच्या अटी उघडून वाचा. वाचवत नाहीत इतक्या लांब असतात, तरीही वाचा.

मॅनबद्दल माझा एक आक्षेप मात्र उरतो. कैदी कॅमेरा घेऊन उभा राहिला की शेजारच्या कोठडीतला माणूसही चित्रात येतो. त्या दुकानातली पगारावर काम करणारी मुलगी मनोऱ्यातली नव्हती, तीही खालचीच. तिला कोणी विचारलं होतं? वरचे पाहतात म्हणून मीही पाहणार, हे उत्तर वरच्यांपुरतं चालेल, तिच्यासाठी पुरत नाही. तिच्या बाजूने बोलायचं तर फूको फारसा कामाला येत नाही, कांटकडे जावं लागतं. पुढच्या गुरुवारी तेच घेऊ.