जुन्या इंडिकाला नवे स्पीकर बसवताय? डब्यावरचे वॅट नंतर बघा, आधी दार उघडून बघा

पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं, वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूर गाठलं आणि घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो, म्हणजे आताचा अहिल्यानगर. थोडं पुढं जाऊन महामार्ग सोडला आणि आत वळलं की राळेगणसिद्धी. पारनेर तालुक्यातलं हे गाव देशाला माहीत झालं ते दोन गोष्टींमुळं. एक अण्णा हजारे आणि दुसरं पाणी. १९७५ मध्ये अण्णा लष्करातून गावी परतले, त्यानंतर नालाबांध, पाझर तलाव, चर अशी कामं झाली आणि पाणी कसं अडवायचं हे बघायला लोक लांबून लांबून या गावात यायला लागले.

आता या सगळ्याचा गाडीच्या स्पीकरशी काय संबंध? संबंध एवढाच की राळेगणमध्ये जे करायचं, त्याच्या बरोबर उलट गाडीच्या दारात करायचं असतं. शिवारात पाणी अडवायचं आणि जिरवायचं. दारात मात्र पाण्याला वाट मोकळी ठेवायची. जुन्या गाडीत हौसेनं बसवलेले नवे स्पीकर पहिल्याच पावसाळ्यात बसतात, ते बऱ्याचदा हे माहीत नसल्यामुळं.

पण तिथपर्यंत जायच्या आधी मूळ विषयाकडं येऊ.

पुणे आणि नगरच्या पट्ट्यात जुनी छोटी गाडी म्हटलं की पहिलं नाव येतं इंडिकाचं. पिंपरीच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी १९९८ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली आणि २०१८ पर्यंत बनत राहिली. तिच्याच आगेमागे सँट्रो आली, वॅगन आर आली, अल्टो आली. मारुती ८०० तर १९८३ पासून होतीच. या गाड्यांच्या स्वस्तातल्या मॉडेलमध्ये कंपनीकडून अनेकदा स्पीकर यायचेच नाहीत. जागा सोडलेली असायची, पुढचं मालकानं बघायचं. मग बाजारातून काहीतरी आणून बसवलं जायचं आणि दहा-पंधरा वर्षं तेच वाजत राहायचं.

अशी गाडी आज हातात आली की पहिला विचार येतो तो नवे स्पीकर घ्यायचा. पण आधी हे तपासायला हवं की बिघडलंय ते स्पीकरच आहेत का.

स्टीरिओमध्ये बॅलन्स आणि फेडर असतात. आवाज फक्त डावीकडं, मग फक्त उजवीकडं, मग फक्त पुढं असा फिरवून बघितला की नेमकं कोणतं दार रडतंय ते कळतं. दार उघडताना आवाज जातो आणि लावताना येतो, असं होत असेल तर स्पीकर बिचारा चांगला आहे. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून जी वायर जाते ती हजारो वेळा वाकून आतून तुटलेली असते. नवे स्पीकर घेऊनही हा आजार तसाच राहणार.

आवाज खरखरत असेल तर स्पीकर बाहेर काढून त्याचा कोन दोन्ही अंगठ्यांनी अलगद, सरळ आत दाबून बघायचा. खर्र आवाज आला तर आतली कॉइल घासतेय. कोनच्या कडेचा फोम बोट लावताच भुसा होऊन पडला, तर त्याचे दिवस भरले. मल्टीमीटर असेल तर आणखी सोपं. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ३ ते ३.८ ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल उडालेली आहे.

समजा स्पीकर खरंच गेलेत. आता माणूस पुण्याला जातो. तपकीर गल्लीत फिरतो, नाना पेठेत चौकशी करतो, नाहीतर मोबाईलवरच बघतो. आणि तिथं त्याला डब्यावर मोठ्या अक्षरात दिसतं ३०० वॅट. शेजारच्या डब्यावर ४०० वॅट. साहजिकच हात चारशेकडं जातो.

इथंच पैसे वाया जातात. हा आकडा ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ असतो. म्हणजे क्षणभर सहन होईल असं कंपनी सांगते तो जोर. सतत किती जोर पेलतो ते ‘आरएमएस’ या आकड्यात असतं, आणि तो बारीक अक्षरात मागच्या बाजूला छापलेला असतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्टीरिओ मुळात देतो किती? त्याच्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं लिहिलेलं असतं, पण हिशोब करून बघा. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. वेगळा अॅम्प्लिफायर नसेल तर साध्या स्टीरिओला एवढ्यावरच भागवावं लागतं. १४.४ चा वर्ग होतो २०७. त्याला ४ ओहमच्या दुपटीनं, म्हणजे ८ नं भागलं की येतात जवळपास २६ वॅट. हे झालं कागदावर. आतल्या आयसीमध्ये थोडं खर्ची पडतं आणि स्वच्छ आवाज उरतो तो २० वॅटच्या आसपास. ५० हा आकडा आवाज पार फाटेपर्यंत ओढल्यावरचा.

मग ४०० वॅटचा स्पीकर २० वॅटवर कसा वाजेल? बऱ्याचदा दबलेला. असे स्पीकर जड बांधणीचे असतात, त्यांना हलवायलाच जोर लागतो.

त्यामुळं डब्यावर बघायचा आकडा वेगळा आहे, सेन्सिटिव्हिटी. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. तो ३ डेसिबलनं वाढला म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मा जोर पुरतो. म्हणजे ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढं वाजायला ८६ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतील. आणि ८० वॅट जुन्या गाडीच्या साध्या स्टीरिओकडं नाहीतच. म्हणून अॅम्प्लिफायर लावायचा नसेल तर ९० च्या वरचा, ४०-५० वॅट आरएमएसचा साधा स्पीकर त्या चारशेवाल्याला सहज मागं टाकतो, आणि बऱ्याचदा स्वस्तही मिळतो.

डिझेल इंडिकावाल्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. त्या १.४ लिटर इंजिनाची घरघर आणि रस्त्याचा आवाज मिळून गाण्यातला खालचा स्वर, म्हणजे बेस, खाऊन टाकतात. सुप्याच्या अलीकडं ट्रकच्या रांगेशेजारून जाताना कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर फक्त चिरचिर करतो.

आता मापाचं बघू. बाजारात ४ इंच, सव्वापाच इंच, साडेसहा इंच अशी गोल मापं मिळतात आणि ६ बाय ९ चा अंडाकृती स्पीकर मिळतो. कोणत्या गाडीला कोणतं माप लागतं याच्या याद्या मोबाईलवर सापडतात, पण जुन्या गाडीच्या बाबतीत त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. पंधरा वर्षांत तिच्या दारात कुणी काय कापलंय, याचा नेम नसतो. डोअर पॅड उघडून स्वतः मोजणं हाच खरा मार्ग.

मोजायचं काय? भोकाचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट, खोली. काच पूर्ण खाली घ्यायची आणि पत्र्यापासून काचेपर्यंत किती जागा उरते ते बघायचं. स्पीकरचं मॅग्नेट त्यापेक्षा खोल असेल तर काच उतरताना त्याच्यावर आदळणार. काचेची मशीन तरी जाईल नाहीतर काच तरी. जागा थोडी कमी पडत असेल तर स्पीकरखाली प्लॅस्टिकची किंवा एमडीएफची रिंग टाकून तो पुढं घेता येतो. पण फार पुढं आला तर त्याचा मधला ट्विटर डोअर पॅडच्या जाळीला टेकतो. त्याचा अंदाज घ्यायला स्वयंपाकघरातली एक युक्ती कामाला येते. कणकेचा छोटा गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्पीकरच्या जागी, पुढच्या बाजूला ठेवायचा, पॅड दाबून बसवायचं आणि काढून बघायचं. गोळा जेवढा जाड राहिला तेवढी जागा आहे.

कोअॅक्सियल घ्यावा की कंपोनंट, हा वाद मोबाईलवर रात्रभर चालतो. कोअॅक्सियलमध्ये ट्विटर स्पीकरच्या मध्येच असतो. कंपोनंटमध्ये तो वेगळा असतो, वर काचेजवळ लावायचा, आवाज समोरून आल्यासारखा वाटतो. ऐकायला कंपोनंट बरा, पण त्याला वेगळी वायर आणि क्रॉसओव्हर बसवायला जागा लागते. साठ-सत्तर हजारांच्या गाडीला पुढच्या दारात चांगला कोअॅक्सियल पुरतो. पैसे मोजकेच असतील तर ते सगळे पुढच्या दोन दारांवर घालावेत, कारण ऐकणारे पुढं बसतात.

आणि मागच्या ट्रेवरचे ते ६ बाय ९? आपल्याकडं ती फारच लाडकी जागा. पण हॅचबॅकचा ट्रे हा दोन खाचांवर टेकवलेला पातळ पुठ्ठा असतो. त्यावर जड मॅग्नेटचे दोन स्पीकर ठेवले की एक तर ट्रे स्वतःच थरथरतो, आणि दुसरं म्हणजे जोराचा ब्रेक लागला की तो सगळा ऐवज मागं बसलेल्यांच्या डोक्यामागं सुटा असतो. बसवायचेच असतील तर जाड फळी लावून ती बॉडीला बोल्टनं घट्ट करायला हवी.

आता दार. खरा खेळ इथं आहे.

स्पीकरचा कोन पुढं जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या तर वजाबाकी होते आणि आवाज जातो. बारीक आवाजात हे फारसं जाणवत नाही. पण १०० हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळपास ३.४ मीटर लांब असते. तिच्यापुढं दारातलं भोक म्हणजे काहीच नाही, ती सहज वळसा घालून मागून पुढं येते. जुन्या गाडीच्या दारात आतल्या पत्र्याला कारागिराचा हात जाईल एवढाली भोकं असतात. म्हणून महागडा स्पीकर बसवूनही बेस येत नाही, आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालतो.

उपाय साधा आहे. आतल्या पत्र्याची मोठी भोकं डॅम्पिंग शीटनं बंद करायची. स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावायची, म्हणजे फट राहत नाही. बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या बरोबर मागं शीटचा एक तुकडा चिकटवायचा, म्हणजे पत्रा वाजत नाही. शीट चिकटवण्याआधी दार आतून स्वच्छ पुसायचं. पारनेरच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीच्या दारात वाटीभर माती निघाली तर नवल नाही, आणि धुळीवर काहीच चिकटत नाही.

आणि आता ते राळेगणवालं पाणी. काचेच्या कडेचं रबर कितीही चांगलं असलं तरी पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच. गाडी बनवणाऱ्यांना ते माहीत असतं. म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोकं दिलेली असतात, पाणी तिथून बाहेर पडतं. उत्साहात डॅम्पिंग शीट लावताना ही भोकं बुजली की दार म्हणजे छोटा पाझर तलाव होतो. पत्रा गंजतो, स्पीकरचा कागदी कोन फुगतो, कनेक्शनवर हिरवा थर चढतो. शीट चिकटवण्याआधीच ही भोकं काडीनं साफ करून घ्यावीत.

डोअर पॅडच्या मागं एक प्लॅस्टिकचा कागदही असतो. बरेच जण तो कचरा समजून फाडून टाकतात. आतलं पाणी पॅडवर येऊ नये म्हणून तो असतो, तो परत नीट चिकटवायचा.

राहिली वायरिंग. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. बाजारातल्या बहुतेक स्टीरिओंना पांढरी वायर पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची असते. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती निगेटिव्ह. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग मात्र वेगळे असू शकतात, म्हणून प्लस-मायनस तपासून घ्यावं. त्याला दीड व्होल्टचा घड्याळातला सेल पुरतो. सेलचा प्लस वायरीच्या ज्या टोकाला क्षणभर लावल्यावर कोन बाहेर येतो, ते टोक प्लस. हे करताना वायर स्टीरिओपासून सोडवलेली हवी. एक स्पीकर सरळ आणि एक उलटा लागला तर दोन्ही वाजतात, पण दोन्हीकडचा बेस एकमेकांना मारतो आणि नेमकं काय चुकलंय ते कळत नाही.

स्पीकरची मायनस वायर गाडीच्या बॉडीला कधीच जोडायची नाही. त्यानं स्टीरिओची आयसी जळू शकते. एकाच वायरीवर समांतर दोन स्पीकर लावणंही तसंच. ४ ओहमचे दोन मिळून २ ओहम होतात आणि बहुतेक साधे स्टीरिओ तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. जोड पीळ मारून टेप गुंडाळण्याऐवजी सोल्डर करावेत आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवावी. उन्हाळ्यात बंद गाडी तापते, टेपचा डिंक सुटतो आणि उघड्या तारा पत्र्याला लागतात.

पॅड परत लावण्याआधी काच दोन-तीनदा पूर्ण वर-खाली करून बघायची आणि दार उघड-बंद करत एक गाणं ऐकायचं. मग क्लिपा बसवायच्या. जुन्या क्लिपा काढताना एक-दोन तुटतातच, त्या आधीच आणून ठेवाव्यात, नाहीतर पॅड खडखडतं आणि दोष स्पीकरला जातो. महिनाभर गाडी खड्ड्यांतून फिरली की स्पीकरचे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्यायचे.