सावध असावे, घाबरट नसावे

रिफात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना कुणी भारतातून विचारलं, की "तिकडे कसं काय, सुरक्षित आहे ना?", तर आपण सगळे एकच उत्तर देतो. "अहो, रात्री अकरा वाजता बायका एकट्या कोल्ड स्टोअरला जातात!" हे उत्तर खरं आहे, आणि त्याबद्दल आपण या देशाचे ऋणी आहोत. पण सुरक्षितपणाची एक गंमत असते. तो अंगवळणी पडला की आपली नजर सैलावते. गाडी चालू ठेवून दुकानात शिरणं, पर्स ट्रॉलीत ठेवून दोन रांगा पलीकडे भाजी निवडणं, पासपोर्ट, सीपीआर आणि बँकेचं कार्ड एकाच पाकिटात बाळगणं, या सवयी इथे बऱ्याचदा खपून जातात. मात्र हीच सवय घेऊन आपण जून-जुलैत दादर स्टेशनवर उतरतो, तेव्हा ती महागात पडते. आणि कधीकधी इथेही पडते.

म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही हा विषय घेतला. भीती घालण्याचा हेतू अजिबात नाही. गुन्हा घडतो कसा हे एकदा समजलं, की तो टाळणं बरंच सोपं होतं, एवढंच सांगायचं आहे.

तीन गोष्टी एकत्र आल्या की

१९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एक साधा विचार मांडला. चोरी-लुटीसारखा गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी याव्या लागतात. एक, करायची इच्छा असलेला माणूस. दोन, हाताशी आलेली वस्तू किंवा एकटी व्यक्ती. आणि तीन, लक्ष ठेवणाऱ्या कुणाचा तरी अभाव. यातली एक जरी गोष्ट काढून घेतली, तरी गुन्हा तिथे जमत नाही.

पहिली गोष्ट आपल्या हातात नाही, ते पोलिसांचं काम. दुसरी आणि तिसरी मात्र बरीचशी आपल्याच हातात आहे.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगायला नको. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत किंवा पुण्याच्या वाड्याच्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. नवा माणूस आत शिरला की "कोण पाहिजे?" हा प्रश्न यायचाच. तेव्हा त्या प्रश्नाचा वैताग यायचा, पण पहारा तोच होता. आपल्या रिफाचा किल्ला १८१२ साली हुनैनियाच्या दरीच्या काठावर, उंचावर बांधला गेला, तोही खालचं सगळं दिसावं म्हणूनच. दिसणं म्हणजेच निम्मी राखण.

आता आजचं रिफा पाहा. पश्चिम रिफात बंगल्यांच्या उंच भिंती. उन्हाळ्यात दुपारी रस्ते ओस. पूर्व रिफात, बुकुवाराच्या बाजूला, फ्लॅटमधून माणसं भरपूर, पण दारं-खिडक्या एसीमुळे बंद. म्हणजे वस्ती आहे, पण पाहणारा डोळा नाही. अशा वेळी आपण रस्ता निवडताना थोडं डोकं वापरावं. मागच्या गल्लीतून दोन मिनिटं वाचतात खरी, पण दुकानांच्या पुढचा उजेडाचा रस्ता केव्हाही बरा.

इथल्या तीन सवयी

पहिली, चालू गाडीची. कोल्ड स्टोअरसमोर गाडी सुरू, एसी सुरू, किल्ली आत, आणि आपण "एक दूध घेऊन येतो" म्हणून आत. गाडी चोरणाऱ्याला कुलूप तोडायचेही कष्ट नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मागच्या सीटवर झोपलेलं मूल. मूल असलेली गाडी कुणी घेऊन गेला तर काय, हा विचारच नको. आणि इंजिन बंद करून मुलाला आत ठेवणं तर त्याहून वाईट, कारण इथल्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते. तेव्हा नियम एकच, आपण उतरलो की मूलही उतरणार आणि किल्ली खिशात येणार. नाहीतर सरळ हॉर्न वाजवावा. दुकानातला पोरगा गाडीपाशी सामान आणून देतो, ती सोय इथे आहेच.

दुसरी, मोबाईलची. पूर्वी मोबाईल गेला की फक्त मोबाईल जायचा. आता त्यात बेनिफिटपे आहे, बँक आहे, ओटीपी त्यावरच येतो. म्हणून फोनचा पासकोड आणि बँकेचा पिन वेगवेगळा ठेवा, जन्मसाल तर नकोच. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो घरी वहीत लिहून ठेवा. फोन गेला की आधी बँकेला कळवा, मग सिम बंद करा, मग पोलिसांत जा. आपण नेमका हा क्रम उलटा करतो.

तिसरी, पत्ता न सांगता येण्याची. संकटात ९९९ लावला (पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन, तिघांसाठी हाच क्रमांक), आणि पलीकडून विचारलं "कुठे आहात?", तर "लुलूच्या मागे" हे उत्तर पुरत नाही. बहरीनमध्ये पत्ता म्हणजे इमारत, रोड आणि ब्लॉक हे क्रमांक. रिफातले ब्लॉक नऊशेच्या घरातले. स्वतःच्या घराचे हे आकडे मुलांना आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना पाठ हवेत. बाहेर असाल तर जवळच्या इमारतीवरची पाटी वाचून सांगा.

दोन-चार अरबी शब्दही कामाला येतात. "शुर्ता" म्हणजे पोलीस, "इसआफ" म्हणजे रुग्णवाहिका. आणि "हरामी" हा शब्द इथल्या बोलीत सरळ चोर या अर्थानेच वापरतात, तेव्हा तो ओरडायला आपल्या माणसाला शिकवावंच लागणार नाही!

तोतया पोलीस, तिकडे आणि इकडे

महाराष्ट्रात गेली कित्येक वर्षं एक प्रकार चालू आहे, आणि तो मुख्यतः आपल्या आई-वडिलांच्या वयाच्या मंडळींवर होतो. सकाळी फिरायला किंवा देवळात निघालेल्या आजींना नीटनेटक्या कपड्यांतला एकजण अडवतो. "आजी, आम्ही पोलीस. पुढे चोरी झालीय, तपासणी चालू आहे. एवढे दागिने घालून कशाला फिरता? काढा, रुमालात बांधून देतो." शेजारी त्याचाच साथीदार मुकाट्याने आपली साखळी काढून देतो, म्हणजे आजींचा विश्वास बसतो. घरी येऊन रुमाल सोडला की आत खडे.

यात जबरदस्ती कुठेच नाही. आदर, घाई आणि भीती, या तीन गोष्टींवर सगळा खेळ आहे. म्हणून आजी-आजोबांना फोनवर एकच वाक्य पक्कं सांगून ठेवा. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला कधीही सांगत नाही. कुणी सांगितलंच तर "जवळच्या दुकानात चला, तिथे बोलू" म्हणावं आणि चालू लागावं. तोतया दुकानापर्यंत येत नाही.

इकडचा अवतार थोडा वेगळा. साध्या कपड्यातला माणूस एकट्या कामगाराला गाठतो, "सीपीआर दाखव" म्हणतो, पाकीट हातात घेतो आणि गाडीत बसून निघून जातो. अशा बातम्या इथल्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्याकडे त्याचं ओळखपत्र नम्रपणे मागायला हरकत नाही. सीपीआर पाकिटातून काढून दाखवावं, पण पाकीट हातात देऊ नये. शंका आली तर ९९९ लावावा. फोनवरून ओटीपी मागणारे भामटे म्हणजे याच जातीचे. त्यांची तक्रार करायला इथे ९९२ हा वेगळा क्रमांक आहे. भारतात आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे.

सुट्टीत गावी जाताना

मंगळसूत्र खेचणारे बहुधा मोटारसायकलवर दोघे असतात आणि मागून येतात. म्हणून जिथे फुटपाथ नाही तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चालावं. इथे एक घोटाळा होतो. बहरीनमध्ये वाहनं उजवीकडून चालतात, भारतात डावीकडून. त्यामुळे इथे रस्त्याच्या डाव्या कडेने चालणं बरोबर, आणि पुण्यात तेच उजव्या कडेने. पर्स नेहमी रस्त्याच्या विरुद्ध खांद्यावर.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३०४ खाली, वस्तू हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा धरला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर कायद्यात बसत नाही. आपल्यासारख्यांना हे फार महत्त्वाचं, कारण विमान परवाचं असतं. तक्रार न देता परत येऊ नका. तिची प्रत असली की चोरीला गेलेला फोन "संचार साथी" या सरकारी संकेतस्थळावरून भारतात बंद करून घेता येतो. महाराष्ट्रात पोलिसांसाठी ११२ आणि रेल्वे प्रवासात १३९, हे दोन क्रमांक विमानातून उतरण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा.

मध्ये पडावं का?

हा प्रश्न अवघड आहे, पण टाळता येत नाही. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंधेरीच्या अंबोली भागात एका उपाहारगृहाबाहेर मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला दोन तरुणांनी हटकलं. थोड्या वेळाने तो साथीदारांना घेऊन परत आला आणि चाकूने वार केले. एकाचा त्याच रात्री मृत्यू झाला, दुसरा काही दिवसांनी गेला. मे २०१६ मध्ये न्यायालयाने चौघांना जन्मठेप दिली. त्या रात्री रस्त्यावर माणसं होती. पण पाहणारे नुसतेच पाहत राहिले.

त्या दोघांनी केलं ते चूक होतं, असं आम्ही कधीही म्हणणार नाही. धडा उरलेल्या गर्दीसाठी आहे. मदत म्हणजे अंगावर धावून जाणंच असं नाही. गुंडाशी बोलण्यापेक्षा त्रास होणाऱ्या व्यक्तीशी बोलावं. "अगं, तू इथे होय? चल, सगळे वाट बघतायत", एवढ्यानेही ती एकटी राहत नाही. जमावाला उद्देशून "कुणीतरी या" म्हणू नये, एकाकडे बोट दाखवून "दादा, तुम्ही पोलिसांना फोन करा" म्हणावं. नाव किंवा बोट पडलं की माणूस हलतो. आणि वाद मिटल्यासारखा वाटला तरी त्या जागी थांबू नये. समोरचा परत येऊ शकतो.

शस्त्र दाखवून पाकीट मागितलं, तर द्यावं. वाद नको, हिरोगिरी नको. पाकीट नवीन घेता येतं. माणूस निघून गेला की उंची, कपडे, कुठल्या दिशेने गेला, गाडीचा क्रमांक, जे आठवेल ते लगेच लिहून ठेवावं. तासाभराने आठवण धूसर होते.

जे तक्रारच करत नाहीत

शेवटी ज्यांच्यासाठी ही स्मरणिका निघते, त्यांच्याविषयी. बहरीनमध्ये तीन लाखांहून अधिक भारतीय आहेत, आणि त्यातले बरेच जण रोज सकाळी बसने साइटवर जाणारे कामगार आहेत. रस्त्यावरच्या लुटीत सर्वात सोपं सावज हेच. पगार झाल्यावर पैसे पाठवायला पायी निघतात, एकटे असतात, आडवाटेने जातात. आणि लुटले गेले तरी बोलत नाहीत. भाषा येत नाही, ड्युटी बुडेल, व्हिसाची काही भानगड निघेल अशी धास्ती असते. लुटणाऱ्याला ते गप्प बसणार हे ठाऊक असतं. आपल्याला गेलेले दीडशे दिनार म्हणजे एक तिमाही खर्च, त्याच्या घरी ते पोराची फी आणि आईचं औषध असतं.

इथे आपण प्रत्येकजण काहीतरी करू शकतो. इमारतीतला सफाई कामगार, कोल्ड स्टोअरचा पोरगा, गाडी धुणारा, यांना ९९९ माहीत आहे का, ते विचारा. आपला फोन नंबर द्या. पगाराच्या दिवशी दोघा-तिघांनी मिळून जायला सांगा. कुणी लुटला गेला, तर त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. सुशिक्षित माणूस शेजारी उभा राहिला, एवढ्यानेच त्याचा आवाज फुटतो. पासपोर्ट गेला असेल तर पोलिसांचा कागद लागतोच, त्याशिवाय दूतावासात पुढचं काम होत नाही. दूतावासाच्या छत्राखाली १९९९ पासून काम करणारा इंडियन कम्युनिटी रिलीफ फंड आहे, भारत सरकारचं "मदद" हे तक्रारीचं संकेतस्थळ आहे. ही दारं आपल्याला ठाऊक असतात, त्याला नसतात.

चाळीच्या गॅलरीतली ती चौकस नजर आपण गावी सोडून आलो. रिफाच्या बंद खिडक्यांच्या गल्लीत ती पुन्हा उघडायला पैसे पडत नाहीत. आपल्या देणगीबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोतच. त्या देणगीसोबत आठवड्यातून एकदा खाली उतरून "काय, ठीक आहे ना?" असं एखाद्याला विचाराल, तर तीही आम्ही देणगीच समजू.