ताणलेल्या थरावरील बेटे

सिलिकॉनच्या स्वच्छ पृष्ठावर निर्वातात जर्मेनियमचे अणू सावकाश बसविले असता पहिले तीन-चार अणुथर सपाट वाढतात. त्यानंतर पृष्ठावर बेटे उठू लागतात. या वाढीस स्ट्रान्स्की-क्रास्टानोव वाढ म्हणतात. जर्मेनियमची पृष्ठऊर्जा सिलिकॉनहून कमी असल्याने आरंभी थर पसरतो, हे उघड आहे. परंतु जर्मेनियमचा जालकांक ५.६६ अँगस्ट्रॉम, तर सिलिकॉनचा ५.४३, खालच्या स्फटिकाशी जुळवून घेताना वरचा थर सुमारे ४ टक्के दाबला जातो, व जाडीबरोबर त्यात कोंडलेली स्थितिस्थापक ऊर्जाही वाढत जाते. उंचवट्याच्या माथ्यावरील अणूंना बाजूस सरकण्यास वाव मिळून हा ताण उतरतो. मात्र क्षेत्रफळ वाढल्यामुळे पृष्ठऊर्जेचा भुर्दंड पडतो. तरंगलांबी लहान असल्यास भुर्दंड भारी ठरून उंचवटे विरतात, मोठी असल्यास ते वाढतात, असे असारो व टिलर यांनी १९७२ मध्ये, आणि स्वतंत्रपणे ग्रिनफेल्ड यांनी १९८६ मध्ये दाखविले.

बेटे उठली म्हणजे स्फटिकात स्थानभ्रंश शिरलेच, अशी समजूत रूढ होती. १९९० मध्ये ईगलशॅम व सेरुलो यांना स्थानभ्रंशरहित बेटे आढळली. थर बिघडविणारी म्हणून टाळली जाणारी ही अस्थिरता मग क्वांटम बिंदू घडविण्याचे साधन बनली. अडचण राहते ती वेगळीच: कोणती तरंगलांबी वाढेल हे सिद्धांत सांगतो, एखादे बेट नेमके कोठे उठेल हे सांगत नाही. म्हणून पृष्ठावर आधी खळगे कोरून बेटांना जागा नेमून दिली जाते.